मोटारीच्या ध्वनियंत्रणेतील कपॅसिटर : जोडणी आणि सुरक्षित भारण

मोटारीत कंपनीने बसवलेल्या स्पीकरांच्या जोडीला मोठ्या ताकदीचा अँप्लिफायर आणि खर्जाचे स्वर वाजवणारा सबवूफर आला, की काही गाड्यांत प्रत्येक ठोक्यासरशी हेडलाइटचा उजेड क्षणभर उतरतो आणि लगेच पूर्ववत होतो. हॅलोजन दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात नव्हे, तर त्याहून कितीतरी अधिक वेगाने घटतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरले तर उजेड साधारण तीस टक्क्यांनी कमी होतो, आणि म्हणूनच मीटरवर जेमतेम जाणवणारी घट डोळ्यांना सहज दिसते. एलईडी दिवे असलेल्या नव्या गाड्यांत हे लक्षण बहुधा दिसत नाही, कारण त्या दिव्यांमागील नियामक मंडल व्होल्टेजचे चढउतार झाकून टाकते. मात्र लक्षण लपले म्हणून मूळ दोष नाहीसा होतो असे नाही. ही घट भरून काढण्यासाठी अँप्लिफायरच्या शेजारी एक फॅरड किंवा त्याहून मोठा कपॅसिटर बसवण्याची पद्धत आहे. पाठ्यपुस्तकांत ज्याला धारित्र म्हणतात आणि पंखा दुरुस्त करणारे ज्याला कंडेन्सर म्हणतात, तेच हे उपकरण. फक्त त्याचा आकार, त्याचे काम आणि त्याचा धोका हे तिन्ही वेगळे आहेत.

घट कोठे होते हे आधी पाहिले पाहिजे. इंजिन चालू असताना गाडीची वीज अल्टरनेटरकडून येते आणि तिचे व्होल्टेज १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असते. इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज असलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट देते. हजार वॅटचा अँप्लिफायर आजच्या ‘क्लास डी’ पद्धतीचा असून त्याची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर पूर्ण ताकदीच्या क्षणी तो १,२५० वॅट ओढतो, म्हणजे १३.८ व्होल्टवर सुमारे ९० अँपिअर. जुन्या ‘क्लास एबी’ अँप्लिफायरची मागणी याहूनही जास्त असते, कारण त्यात घेतलेल्या विजेपैकी बराच मोठा भाग उष्णतेत जातो. संगीत सलग पूर्ण ताकदीने वाजत नसल्यामुळे सरासरी मागणी याच्या एक-तृतीयांश किंवा त्याहूनही कमी राहते, परंतु खर्जाचा ठोका ज्या क्षणी पडतो त्या क्षणी मागणी सरासरीने नव्हे, तर पूर्ण रकमेने करतो. लहान गाड्यांचे अल्टरनेटर पुष्कळदा शंभर अँपिअरच्या आतले असतात आणि इंजिन निष्क्रिय गतीने फिरत असताना तेवढेही देऊ शकत नाहीत. शिवाय अल्टरनेटरचे उत्पादन त्याच्या फिरत्या भागावरील वेटोळ्यातून जाणाऱ्या प्रवाहावर ठरते, आणि कोणतेही वेटोळे आपल्यातील प्रवाह एकाएकी बदलू देत नाही, म्हणून मागणी वाढल्यापासून पुरवठा वाढेपर्यंत सेकंदाचा काही अंश निघून जातो. त्या अवधीत बॅटरी पुढे येते, पण १३.८ व्होल्टवरून १२.६ च्या आसपास उतरल्याशिवाय ती काही देत नाही.

यात वायरचाही वाटा असतो आणि तो बहुतेकांच्या अपेक्षेपेक्षा मोठा असतो. बोनेटखालील बॅटरीपासून डिकीतील अँप्लिफायरपर्यंत साधारण पाच मीटर वायर जाते. आठ गेजच्या शुद्ध तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे दोन मिलिओहम असतो, म्हणजे पाच मीटरला दहा. तिच्यातून ६० अँपिअर वाहिले की वाटेतच ०.६ व्होल्ट खर्ची पडतात. चार गेजच्या वायरीत हीच घट पाव व्होल्टच्या आसपास राहते. बाजारात स्वस्तात मिळणारी, ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा दिलेली वायर त्याच जाडीची दिसली तरी तिचा रोध सुमारे दीडपट असतो, आणि वायर सोलून आतील तारेचा छेद पाहिला तर चंदेरी गाभा स्पष्ट दिसतो. कपॅसिटर घेण्याआधी ही तपासणी करणे शहाणपणाचे, कारण बारीक वायर, गंजलेला अर्थ (चासीशी केलेली जोडणी) किंवा दमलेली बॅटरी यांपैकी कोणताही दोष कपॅसिटरने दुरुस्त होत नाही. अल्टरनेटर ते बॅटरी, बॅटरीचे ऋण टोक ते चासी आणि इंजिन ते चासी या तीन वायरी जाड केल्या, तर अनेक गाड्यांत दिवे मंद होणे तेवढ्यानेच आटोक्यात येते.

कपॅसिटरचे मूळ रूप १७४५-४६ मधील आहे. पोमेरेनियातील एवाल्ड गेओर्ग फॉन क्लाइस्ट आणि नेदरलँड्समधील लायडनचे पीटर फान मुस्सेनब्रूक यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की काचेच्या बरणीच्या आतबाहेर विद्युतवाहक असला तर तिच्यात विद्युतभार साठवता येतो. दोन वाहक आणि त्यांच्यामध्ये निरोधकाचा पातळ पडदा, एवढीच या उपकरणाची रचना आहे, आणि एका व्होल्टला किती विद्युतभार मावतो या मापाला धारिता म्हणतात. धारितेचे एकक मायकेल फॅरडे यांच्या नावावरून फॅरड असे ठरले. हे एकक अवाढव्य आहे. अशा जुन्या ‘लायडन’ बरणीची धारिता एका नॅनोफॅरडच्या आसपास असे, म्हणजे एक फॅरडसाठी सुमारे शंभर कोटी बरण्या लागल्या असत्या. घरातील पंख्याचा कंडेन्सर अडीच मायक्रोफॅरडचा धरला तर तसे चार लाख कंडेन्सर समांतर जोडावे लागतील. मोटारीच्या डिकीत मावणाऱ्या नळकांड्यात एवढी धारिता बसते, ती ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा पृष्ठभाग रसायनाने खडबडीत करून कैक पटींनी वाढवल्यामुळे आणि त्यावर विद्युत-रासायनिक क्रियेने चढवलेला ऑक्साइडचा थर मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या हिश्श्याहूनही पातळ असल्यामुळे. हा थर एकाच दिशेने टिकतो. कपॅसिटरची धन आणि ऋण टोके उलट जोडली तर ऑक्साइडचा थर मोडतो, आतील द्रव तापून वायू तयार होतो आणि दाब असह्य झाला की नळकांड्याची सुरक्षा-झडप फुटते. म्हणून टोकांवरील खुणा जोडणीपूर्वी दोनदा पाहणे हा उपचार नव्हे.

कपॅसिटरला ध्वनियंत्रणेत स्थान मिळते ते त्याच्या साठ्यामुळे नव्हे, तर त्याच्या अंतर्गत रोधामुळे. साठवलेली ऊर्जा म्हणजे धारिता आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराचा निम्मा भाग. एक फॅरडच्या कपॅसिटरमध्ये १३.८ व्होल्टला ती जेमतेम ९५ ज्यूल भरते. पस्तीस अँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १५ लाख ज्यूल असतात. त्यातही ९५ ज्यूल सगळे उपयोगाचे नसतात, कारण कपॅसिटर केवळ व्होल्टेज उतरत असतानाच ऊर्जा सोडतो, आणि १३.८ पासून १२.६ पर्यंतच्या उतरणीत त्याच्याकडून फक्त १६ ज्यूल मिळतात. त्याखाली बॅटरीच भार उचलू लागते. हे १६ ज्यूल १,२५० वॅटच्या मागणीला सुमारे १३ मिलिसेकंद पुरतात, म्हणजे ४० हर्ट्झच्या खर्ज स्वराच्या अर्ध्या आवर्तनाइतके. ढोलाचा एक ठोका याच्या कितीतरी पट लांब असतो. म्हणून कपॅसिटर बसवल्याने गाडीची ‘पॉवर वाढते’ हा दुकानांत ऐकू येणारा दावा टिकत नाही; जे त्याने दिले ते त्याला पुढच्या क्षणी अल्टरनेटरकडूनच परत घ्यावे लागते. त्याचे खरे काम ठोक्याच्या आरंभीची खाच बुजवण्याचे आहे, आणि ते तो करू शकतो कारण चांगल्या प्रतीच्या कपॅसिटरचा अंतर्गत रोध एक-दोन मिलिओहम इतका अल्प असतो आणि तो अँप्लिफायरपासून हातभर अंतरावर बसलेला असतो. गच्चीवरच्या टाकीतून येणारी धार बारीक असली तरी न्हाणीघरातील भरलेली बादली एकदम ओतता येते, तसा हा प्रकार आहे.

परंतु ज्या अल्प रोधामुळे कपॅसिटर झटक्यात देऊ शकतो, त्याच रोधामुळे तो झटक्यात घेतोही. रिकामा कपॅसिटर जोडणीच्या क्षणी बॅटरीला शॉर्टसर्किटसारखाच दिसतो. बॅटरीचा अंतर्गत रोध ८ मिलिओहम, वायरीचा ४ आणि कपॅसिटरचा २ धरला, तर पहिल्या क्षणी १२.६ व्होल्ट भागिले १४ मिलिओहम, म्हणजे ९०० अँपिअर प्रवाह वाहू शकतो. हा प्रवाह सेकंदाच्या अल्पशा अंशातच ओसरतो, त्यामुळे शंभर अँपिअरचा फ्यूज प्रत्येक वेळी उडेलच असे नाही, आणि हेच अनेकांना फसवते. पण तेवढ्यात मोठी ठिणगी पडते, टर्मिनलचा पृष्ठभाग खड्डे पडून खराब होतो, हातातील पाना चिकटू शकतो आणि कपॅसिटरच्या आतील जोडांवरही ताण येतो. ही ठिणगी बॅटरीजवळ पडली तर प्रकरण गंभीर होते, कारण शिसे-आम्ल बॅटरीतून चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की तो पेट घेऊ शकतो. पंख्याच्या कंडेन्सरचा धोका झटक्याचा असतो. बारा व्होल्टच्या कपॅसिटरचा कोरड्या हाताला झटका बसत नाही, आणि म्हणूनच त्याच्याशी निष्काळजीपणा होतो. त्याचा धोका व्होल्टेजमध्ये नसून प्रवाहात आहे. दोन टोकांमध्ये बोटातली अंगठी किंवा मनगटातले कडे आले तर धातू क्षणात तापून कातडी भाजते.

निवडीच्या बाबतीत प्रचलित अंदाज हजार वॅटला एक फॅरड असा आहे आणि वरील हिशेब पाहता तो उदार नव्हे, पण व्यवहाराला पुरेसा आहे. नळकांड्यावर कार्यकारी व्होल्टेज किमान १६ आणि क्षणिक मर्यादा २० किंवा अधिक लिहिलेली असावी. मालमोटारी आणि बसगाड्यांची यंत्रणा २४ व्होल्टची असते, तिच्यावर हा कपॅसिटर कोणत्याही परिस्थितीत लावू नये. निळ्या आकड्यांचा झगमगता डिस्प्ले ही बहुतांशी शोभेची बाब असून त्याने ध्वनीत काही भर पडत नाही. बसवण्याची जागा निवडताना उष्णतेचा विचार सुटतो, वास्तविक विद्युत-अपघटनी कपॅसिटरचे आयुष्य तापमान दर दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते; विदर्भातील मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तापमान साठ अंशांपलीकडे जाते, तेव्हा काचेखालच्या मागच्या फळीपेक्षा डिकीचा सावलीतील कोपरा बरा. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत पुष्कळदा डिकीतच सिलिंडर असतो. तेथे सिलिंडर, त्याची झडप आणि नळी यांपासून कपॅसिटर दूर ठेवावा, आणि गॅसचा किंचितही वास येत असेल तर गळती काढल्याशिवाय वायरीला हात लावू नये.

प्रत्यक्ष जोडणीला सुरुवात बॅटरीचे ऋण टोक सोडवण्यापासून होते, आणि ऋणच का, याला कारण आहे: गाडीचे संपूर्ण धातूचे अंग ऋण टोकाला जोडलेले असल्याने धन टोक आधी सोडवताना पाना चुकून पत्र्याला लागला तर शॉर्टसर्किट होते, ऋण सोडवताना तसा लागला तरी काही बिघडत नाही. धन टोकापासून निघणाऱ्या मुख्य वायरीत, बॅटरीपासून दीड फुटाच्या आत, फ्यूज बसवलाच पाहिजे. हा फ्यूज अँप्लिफायरच्या रक्षणासाठी नसतो, तो वायरीसाठी असतो. पत्र्याच्या धारेवर वायरीचे आवरण घासून फाटले तर फ्यूजपर्यंतचाच भाग असुरक्षित राहतो, आणि फ्यूज डिकीत बसवला तर अख्खी पाच मीटर वायर आग लावायला मोकळी सुटते. इंजिनाचा कप्पा आणि बैठक यांमधील पत्र्यातून वायर नेताना भोकात रबरी ग्रोमेट घालावा, तसेच अँप्लिफायरकडे येणाऱ्या नाजूक संकेत-वायरी गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्याव्यात, नाही तर इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी घरघर स्पीकरांतून ऐकू येते.

कपॅसिटर समांतर जोडायचा असतो. बॅटरीकडून आलेली धन वायर कपॅसिटरच्या धन टोकावर यावी आणि तेथून तितकीच जाड वायर अँप्लिफायरच्या धन टोकाकडे जावी; कपॅसिटरचे ऋण टोक चासीला जोडावे, आणि तेही अँप्लिफायरचा अर्थ जेथे आहे त्याच जागी. कपॅसिटर व अँप्लिफायर यांतील अंतर दीड-दोन फुटांहून जास्त ठेवले तर कपॅसिटरच्या अल्प रोधाचा फायदा वायरच खाऊन टाकते. अर्थाची जागा हा या कामातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. रंग खरवडून पत्रा चकचकीत उघडा करावा, तेथे थिंबल दाबून बसवलेले वायरीचे टोक बोल्ट आणि दातेरी वॉशरने घट्ट आवळावे आणि वरून गंजरोधक लेप द्यावा. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी वापरू नये, आणि नवे भोक पाडण्यापूर्वी गाडीखाली वाकून पाहावे, कारण मागच्या पत्र्याखालीच इंधनाची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या असण्याचा संभव असतो. कपॅसिटर पट्टीने पक्का बांधावा; अपघातात सुटलेले जड नळकांडे स्वतःच एक संकट ठरते. ज्या कपॅसिटरला तिसरे बारीक टोक असते, ते डिस्प्ले चालू-बंद करणारे टोक अँप्लिफायरला चालू-बंद करणाऱ्या रिमोट वायरीला जोडावे, अन्यथा डिस्प्ले रात्रंदिवस जळत राहून उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू रिकामी करतो. इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर प्रवाह मोजणारा संवेदक असतो, तेथे कोणताही जादा अर्थ थेट टोकावर न आणता चासीवरच घ्यावा. विद्युत-मोटारींत १२ व्होल्टचा पुरवठा अल्टरनेटरऐवजी मर्यादित प्रवाह देणाऱ्या परिवर्तकाकडून येत असल्याने तेथे ही खटपट अधिकृत तंत्रज्ञाशिवाय करूच नये.

आता भारण, म्हणजे रिकामा कपॅसिटर सावकाश चार्ज करणे. तत्त्व साधे आहे: बॅटरी आणि कपॅसिटर यांच्या वाटेत काही ओहमांचा रोधक घालायचा, म्हणजे प्रवाह मर्यादेत राहतो. कपॅसिटरच्या खोक्यात बहुधा ३० ओहमच्या आसपासचा रोधक मिळतो; तो हरवला असेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतील पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत दहा वॅटचा पांढरा, चौकोनी ‘सिमेंट रेझिस्टर’ अगदी किरकोळ किमतीत मिळतो. वॅटचा आकडा महत्त्वाचा आहे. तीस ओहममधून पहिल्या क्षणी ०.४२ अँपिअर जातात आणि रोधकात ५.३ वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओत वापरतात तसला पाव वॅटचा काडीएवढा रोधक लावला तर तो धूर सोडून जळतो. दहा वॅटचाही चांगलाच तापतो, म्हणून तो बोटांनी धरून ठेवू नये. येथे एक लक्षणीय गोष्ट अशी, की रोधक ३० ओहमचा असो वा ३ ओहमचा, रिकामा कपॅसिटर स्थिर व्होल्टेजच्या बॅटरीवरून भरताना जितकी ऊर्जा कपॅसिटरमध्ये साठते तितकीच वाटेत उष्णता होऊन जाते. १२.६ व्होल्टच्या हिशेबाने ती ८० ज्यूलच्या आसपास असते. रोधक नसला तरी ती टळत नाही. मग ती ठिणगीत, टर्मिनलमध्ये आणि बॅटरीच्या पोटात खर्च होते, आणि तीही सेकंदाच्या अल्पशा अंशात. रोधक घालणे म्हणजे ही उष्णता कोठे आणि किती वेळात निघावी हे आपण ठरवणे.

सर्वांत सोयीची जागा मुख्य फ्यूजची आहे. सर्व वायरी पक्क्या झाल्यावर फ्यूज काढून ठेवावा, अँप्लिफायरची रिमोट वायर सुटी ठेवावी म्हणजे तो चालू होणार नाही, आणि मग बॅटरीचे ऋण टोक पुन्हा लावावे. फ्यूज नसल्यामुळे या वेळी कपॅसिटरकडे काहीच जात नाही. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून त्याच्या दोन टोचण्या कपॅसिटरच्या दोन टोकांवर लावाव्यात. त्यानंतर क्रोकोडाइल क्लिप लावलेला रोधक फ्यूजच्या घराच्या दोन बाजूंमध्ये अडकवावा. मीटरवरील आकडा आधी भराभर आणि मग अधिकाधिक रेंगाळत चढतो. ओहम आणि फॅरड यांच्या गुणाकाराला कालस्थिरांक म्हणतात आणि तो थेट सेकंदांत येतो. ३० ओहम आणि एक फॅरडसाठी तो ३० सेकंद आहे. एका कालस्थिरांकात कपॅसिटर ६३ टक्के भरतो, म्हणजे तिसाव्या सेकंदाला मीटर ८ व्होल्टजवळ येतो, मिनिटाला १०.९, दीड मिनिटाला १२, दोन मिनिटांना १२.४ आणि अडीच मिनिटांना १२.५ असे आकडे दिसतात. शेवटचा दशांश गाठण्याची वाट पाहण्याचे कारण नाही, पण घाईही नको: एक व्होल्टचा फरक असताना फ्यूज बसवला तर क्षणभर सत्तर अँपिअर जातील, ०.१ व्होल्टच्या फरकाला सातच. तेवढा फरक उरला की रोधक काढावा, वेळ न घालवता फ्यूज बसवावा आणि त्यानंतर रिमोट वायर जोडावी.

काही वेळा आकडा ११ व्होल्टच्या आसपास येऊन अडतो आणि कितीही थांबले तरी पुढे सरकत नाही. अशा वेळी कपॅसिटर बिघडला असा निष्कर्ष काढण्याची घाई होते. पुष्कळदा दोषी असतो तो डिस्प्ले: तो ५० मिलिअँपिअर घेत असेल तर ३० ओहमच्या रोधकात त्याच्यापायी दीड व्होल्ट सतत पडत राहतात आणि मीटर ११.१ वरच खिळतो. डिस्प्ले बंद केला किंवा दहा ओहमचा रोधक लावला की हा खोळंबा सुटतो. मात्र डिस्प्ले नसतानाही आकडा अडत असेल आणि नळकांडे हाताला कोमट लागत असेल, तर टोके उलट जोडली गेली आहेत किंवा कपॅसिटर आतून गळत आहे असे समजून ताबडतोब थांबावे. दीर्घकाळ पडून राहिलेल्या कपॅसिटरचा ऑक्साइड थर क्षीण झालेला असतो आणि सुरुवातीस त्यातून थोडी गळती होतेच. रोधकातून सावकाश भरताना हा थर पुन्हा बांधला जातो, ही सबुरीची आणखी एक उपयुक्तता.

रोधकाऐवजी इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्बही चालतो, आणि कारागिरांचा कल त्याकडेच असतो, कारण त्यासाठी मीटर लागत नाही. बल्ब प्रथम लख्ख पेटतो, काही सेकंदांत पिवळा, मग तांबूस होत विझतो. विझला म्हणजे कपॅसिटर बहुतांशी भरला. थंड तंतूचा रोध तापलेल्याच्या साधारण दहावा भाग असल्याने आरंभी क्षणभर प्रवाह कितीतरी अधिक जातो, पण तो निरुपद्रवी मर्यादेत राहतो. तथापि तंतू लाल दिसेनासा होतो तेव्हाही एखादा व्होल्ट बाकी असू शकतो, आणि अखेरचा निर्णय मीटरवरच सोडावा हे बरे.

भारणाची हीच कृती कपॅसिटरच्या नळकांड्यावरील आकड्याची परीक्षाही घेते, आणि ग्राहकाच्या दृष्टीने हा या विषयातील सर्वांत उपयोगी भाग म्हणावा लागेल. रोधक लावल्यापासून मीटर आठ व्होल्टवर येईपर्यंतचे सेकंद मोजावेत आणि त्यांना रोधकाच्या ओहमांनी भागावे. येणारे उत्तर म्हणजे फॅरडमधील धारिता. ३० ओहमला ३० सेकंद लागले तर एक फॅरड खरा, १२ सेकंदांत काम झाले तर नळकांड्यावर काहीही छापलेले असो, आत ०.४ फॅरडच आहे. अशा कपॅसिटरांत वीसेक टक्क्यांचा फरक मान्य असतो, त्याहून मोठी तूट म्हणजे फसवणूक किंवा म्हातारपण. मोठमोठे फॅरडचे आकडे मिरवणाऱ्या स्वस्त नळकांड्यांची ही परीक्षा दुकानातच मागून घ्यावी, यात संकोचाचे काही कारण नाही.

कपॅसिटर रिकामा करण्याची वेळ दुरुस्तीच्या प्रसंगी येते आणि खरी गफलत तेथे होते. कार्यशाळेत बॅटरीचे ऋण टोक सोडवले की गाडी विजेविना झाली असे गृहीत धरले जाते. परंतु कपॅसिटर धन वायर आणि चासी यांच्यामध्ये जोडलेलाच असल्याने तो गाडीच्या साऱ्या मंडलांना काही काळ पुरवठा करत राहतो. मंडले ३० मिलिअँपिअर घेत असली तर १२ व्होल्टचे सहा व्होल्ट व्हायलाही तीन मिनिटांहून जास्त लागतात. एअरबॅगच्या जवळ काम करायचे असेल तर हे दुर्लक्षित करण्यासारखे नाही. म्हणून बॅटरीला हात लावण्याआधी मुख्य फ्यूज काढावा आणि कपॅसिटर त्याच रोधकातून किंवा बल्बमधून रिता करावा. स्क्रूड्रायव्हरची दांडी दोन टोकांवर आडवी टाकून तो रिता करणे ही वाईट सवय आहे. त्यात दांडीचे टोक वितळते, टर्मिनल खराब होते आणि वितळलेल्या धातूचे कण डोळ्यांपर्यंत उडतात. एकदा शून्यावर आलेला कपॅसिटर थोड्या वेळाने पुन्हा व्होल्ट-दोन व्होल्ट दाखवू लागतो, कारण निरोधकात मुरलेला विद्युतभार सावकाश बाहेर येतो. म्हणून काढून ठेवलेल्या कपॅसिटरची टोके रोधकाने जोडून ठेवण्याची पद्धत आहे. उलट, बॅटरी बदलून टोक पुन्हा लावणाऱ्याला आता रिकाम्या झालेल्या कपॅसिटरची कल्पना नसेल, तर भारणासाठी केलेला सगळा खटाटोप वाया जाऊन बॅटरीवरच ठिणगी पडते. फ्यूजच्या घरावर ‘कपॅसिटर जोडलेला आहे, आधी रोधकातून भरा’ अशी चिठ्ठी आणि तेथेच बांधून ठेवलेला रोधक, हा त्यावरचा स्वस्त आणि पुरेसा उपाय.

अलीकडे या क्षेत्रात अतिधारित्रे, म्हणजे सुपरकपॅसिटर येऊ लागले आहेत. त्यांच्या एका घटाची मर्यादा २.७ व्होल्ट असल्यामुळे सहा घट एकसरी जोडून १६.२ व्होल्टची पेटी करतात. ५०० फॅरडचे सहा घट एकसरीत आले की धारिता मात्र सहाव्या हिश्श्यावर, म्हणजे सुमारे ८३ फॅरडवर येते. तरीही १२.६ व्होल्टला त्यात ६,६०० ज्यूलच्या आसपास ऊर्जा मावते आणि ढोलाच्या ठोक्यालाच काय, इंजिन सुरू करायलाही ती उपयोगी पडते. अशा पेटीला ३० ओहमचा रोधक लावला तर एका कालस्थिरांकालाच चाळीस मिनिटांहून अधिक वेळ लागतो, म्हणून तेथे एक-दोन ओहमचा, शंभर वॅटच्या घरातील, ॲल्युमिनियमच्या कवचातला रोधक वापरावा लागतो आणि तोही पत्र्यावर बसवून. घटांवरील व्होल्टेज सारखे ठेवणारे संतुलन मंडल नसलेली पेटी तर किंमत कितीही आकर्षक असली तरी गाडीत घेऊ नये, कारण सहांपैकी एखाद्या घटावर २.७ हून जास्त व्होल्ट आले की बिघाड त्या घटापासूनच सुरू होतो.